उजवीकडची खूण

थोरल्याला कुणी विचारलं, "काका, या वयात होडी कशाला?" तर तो म्हणायचा, "चौतीस वर्षं रुळांवर काढली. आता ज्याला रूळ नाहीत असं काहीतरी पाहिजे."

रेल्वेच्या यार्डात त्याचं काम शंटिंगचं. मागे ढकलत येणाऱ्या डब्यांच्या शेपटाशी उभं राहायचं आणि इंजिनवाल्याला हाताने सांगायचं: ये, अजून ये, हळू, थांब. इंजिनवाल्याला मागचं काही दिसत नाही. दिसतो तो लांबवर एक माणूस आणि त्याचा हात. त्या हाताच्या भरवशावर तो वीस-वीस डबे मागे लोटतो. आपण देवावर तरी एवढा भरवसा टाकतो का, हे ज्याचं त्याने मनाशी विचारावं.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत त्याने होडी आणली. दातांच्या एका डॉक्टरची जुनी, पांढरी, चौदा फुटांची शिडाची होडी. डोलकाठी उतरवून आडवी बांधता येई, होडी कलंडू नये म्हणून पोटाखाली असलेली पाती दोरीने वर ओढून घेता येई, आणि अख्खी होडी दोन चाकांच्या ट्रेलरवर बसे. मोटारीमागे लावली की कुठल्याही पाण्यावर न्यावी. डॉक्टर म्हणाला होता, "ही शिकाऊ माणसाची होडी आहे. चुका खुशाल करा, ही माफ करते. तीन वर्षांनी हिला कंटाळाल आणि मोठी घ्याल."

थोरल्याच्या बायकोने, वहिनीने, पहिल्याच दिवशी तिचं नाव सवत ठेवलं. "अंगण अडवून बसली, माझ्या नवऱ्याचा रविवार घेतला, आणि वर नवीन कपडे शिवले तेही तिलाच," शिडाच्या खोळीकडे बघत ती म्हणायची. पण खोळ शिवली होती तिनेच, दुहेरी टाके घालून.

थोरल्याकडे होडी होती, पण ओढायला गाडी नव्हती. गाडी होती धाकट्या भावाकडे. तो एका बेकरीची व्हॅन चालवायचा. पहाटे निघून दुकानोदुकानी पाव टाकायचे, दहापर्यंत मोकळं व्हायचं. रविवारी व्हॅन नेण्याची मालकाने परवानगी दिली होती, फक्त आत मासे ठेवायचे नाहीत या अटीवर. धाकट्याचं लग्न राहून गेलं होतं. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत तो राहायचा आणि रविवारचं जेवण वहिनीच्या हातचं जेवायचा. दादा म्हणेल ती पूर्व. लहानपणापासून लोक त्याला दादाचा उजवा हात म्हणायचे.

पहिल्या रविवारी दोघांनी होडी पाण्यात घातली आणि ती जागेवरच भरायला लागली. तळाशी मागच्या बाजूला एक भोक असतं. होडी वर काढली की आतलं पाणी निघून जावं म्हणून. पाण्यात घालण्याआधी त्यात आट्यांचं बूच पिळून बसवायचं असतं. बूच थोरल्याच्या खिशात होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून दोघंही डब्याने पाणी उपसत होते आणि धक्क्यावरचा रखवालदार वरून ओरडत होता, "काका, समुद्र आत भरून घरी न्यायचाय का?"

दुसऱ्या रविवारी बूच आठवलं, पण ट्रेलर मागे घेता येईना. धक्क्यावरून होड्या पाण्यात उतरवायचा उतार अरुंद. एका अंगाला लाकडी फळ्यांचा धक्का, दुसऱ्या अंगाला कठडाच नाही, खाली पुरुषभर खोलीवर दगड. आणि ट्रेलर म्हणजे उलट्या काळजाचा. गाडीचं चाक उजवीकडे फिरवावं तर शेपूट डावीकडे जातं. व्हॅन सगळी बंद, मागची काच नाही. धाकटा घामाघूम झाला. एकदा तर व्हॅन आणि ट्रेलर भांडलेल्या नवरा-बायकोसारखे काटकोनात जाऊन थांबले. मागे चार गाड्या खोळंबल्या.

तेव्हा थोरला पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याने नियम घालून दिला.

"बारक्या, ऐक. तू शेपटाकडे बघायचंच नाही. उजव्या आरशात बघायचं, आणि त्यात फक्त मला. माझा हात जिकडे, तिकडे शेपूट गेलं पाहिजे. त्यासाठी चाक कुठे फिरवायचं ते तुझं तू बघ. उजवा हात बाहेर, म्हणजे उजवीकडे. डावा बाहेर, म्हणजे डावीकडे. दोन्ही हात वर, थांब."

"तुझं उजवं का माझं उजवं?"

"आपल्या दोघांची तोंडं चढाकडे. तुझं तेच माझं." मग तो म्हणाला, "आणि हाताशी वाद नाही. यार्डात इंजिनवाला हाताशी वाद घालायला लागला की कुणाचा तरी पाय जातो. मात्र शंका आली तर थांबायचं. थांबायला हुकूम लागत नाही. ते सगळ्यांना मोफत असतं."

धाकट्याने यातलं पहिलं वाक्य काळजावर कोरून घेतलं. दुसरं त्याने ऐकलं, आणि ऐकून ठेवून दिलं. भक्ताचंही असंच होतं. आज्ञा पाठ होते, आणि आज्ञेच्या शेजारी ठेवलेलं शहाणपण तसंच पडून राहतं.

त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी ट्रेलर सुतासारखा सरळ खाली उतरला. लोक थांबून बघायचे. पाण्यात गेल्यावर दोघंही शिकाऊच होते. वारा कुठला ते ओळखेपर्यंत तो फिरलेला असायचा, एकदा दोघं एकाच बाजूला बसले आणि होडी आडवी होता होता सावरली. "माफ केलं हिने," थोरला म्हणाला. डॉक्टरचं म्हणणं मात्र खोटं ठरलं, त्यांना तिचा कंटाळा आला नाही.

चौथ्या वर्षी थंडीच्या तोंडाला एका सकाळी थोरला दाढी करायला बसला आणि वस्तरा हातातून गळून पडला. उचलायला वाकला तो तसाच खाली गेला.

महिन्याने दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवं अंग गेलं होतं. पाय काठीच्या आधाराने ओढत नेता येई. हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला. वाचाही गेली, फक्त एक शब्द मागे राहिला: बरं. भूक लागली, बरं. नको, बरं. कोण आलंय, बरं. वहिनीला आणि धाकट्याला त्या एका शब्दाचे सतरा सूर कळायला लागले.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनी वहिनीला आणि धाकट्याला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "हात आता येईलसं मला वाटत नाही. पण चालणं, बोलणं सुधारू शकतं. ते मनावर घेत नाहीयेत. आपलं काही काम उरलंय असं त्यांना वाटलं पाहिजे. नाहीतर माणूस असाच बसून राहतो, आणि मग बसतही नाही."

थोरला खिडकीकडे पाठ करून बसायचा. खिडकीतून अंगण दिसायचं, आणि अंगणात ताडपत्रीखाली होडी. त्याने डाव्या हाताने खुर्ची हळूहळू फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. वहिनी रोज झाडताना ती सरळ करायची, आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा भिंतीकडे वळलेली असायची.

त्या घरात एक गोष्ट कुणी न ठरवता ठरली होती. उजवा हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. सदरा घालताना वहिनी म्हणायची, "आता हा द्या." व्यायामाच्या बाई म्हणायच्या, "आता ती बाजू." धाकटा रस्त्यावरचं काही सांगत असला आणि वळण आलं, तर "पिठाच्या गिरणीच्या अंगाला" असं म्हणून तो वळण घ्यायचा. प्रेमाने माणसं काय काय करतात. जखमेवर फुंकर घालायची सोडून, जखम नाहीच असं धरून चालतात.

थंडी सरली. धाकट्याने एका रविवारी जेवताना विषय काढला.

"वहिनी, पुढच्या रविवारी दादाला धक्क्यावर नेतो. होडीसकट."

वहिनीने वाढता वाढता पळी थांबवली. "सवतीला घेऊन? आणि शीड कोण चढवणार, मी?"

"पाण्यात जायचं नाही. नुसती उतरवायची, बांधायची, परत चढवायची. दादा हात दाखवेल, मी मागे घेईन. तेवढंच. ते काम त्याचं आहे ना? दुसऱ्या कुणाला येतं का?"

"भाऊजी, उगाच हात दाखवून अवलक्षण—" आणि ती जीभ चावून गप्प झाली. तिने भिंतीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. मग ती खाली वाकून अगदी हळू म्हणाली, "तिथे चार लोक असतात. तिथे हसू झालं ना, तर हा माणूस कायमचा भिंतीचा होईल. मला परत मिळायचा नाही."

"आणि नाही नेलं तर?"

 ती म्हणाली, "देव बघून घेईल," आणि त्याच्या ताटात त्याने न मागितलेला भात वाढला.

आठवडाभर धाकटा पावाची फेरी संपवून दुपारी अंगणात यायचा. ताडपत्री काढली, पानं झाडली, हिरवं धरलेलं पोट घासलं. ट्रेलरच्या चाकांत हवा भरली, आसाला ग्रीस दिलं. तिसऱ्या दिवशी मागे काठीची टकटक ऐकू आली. थोरला उंबऱ्याशी आला होता. वहिनी मागे उभी, दोन्ही हात पुढे, धरू का नको अशी. थोरला अंगणात उतरला. पाय ओढत होडीच्या मागे गेला. काठी उचलली आणि तळाच्या त्या भोकावर दोनदा टोचली.

"बरं?" तो म्हणाला.

धाकट्याला हसू आवरेना. "आहे दादा, आहे. बूच डब्यात ठेवलंय. या वेळी समुद्र घरी नाही आणायचा."

"बरं!" आणि हा सूर पाच महिन्यांत दोघांनीही ऐकला नव्हता. तो यार्डातला होता.

त्या संध्याकाळी खुर्ची भिंतीकडे वळली नाही. वहिनी न्हाणीघरात जाऊन रडली, आणि बाहेर येऊन म्हणाली की साबण डोळ्यात गेला.

एक गोष्ट धाकट्याच्या मनात त्याच दिवशी येऊन गेली होती. डावीकडचं दाखवायला दादाकडे हात आहे. थांब म्हणायला एक हात वर केला तरी कळेल. पण शेपूट उजवीकडे न्यायचं असेल तर? एक साधी खूण ठरवली असती तर भागलं असतं. डोक्यावर हात ठेव, किंवा काठी उचल. विचारायला चार शब्द पुरे होते. पण त्या चार शब्दांत तो एक शब्द होता. शनिवारी होडी पट्ट्यांनी बांधताना त्याने सुरुवातही केली, "दादा, उद्या जर शेपूट..." थोरल्याने मान वर करून पाहिलं. चेहऱ्यावर लहान मुलासारखा उजेड होता. "...जर शेपूट हललं, तर मी हळूच घेईन," धाकटा म्हणाला.

"बरं," थोरला म्हणाला.

रविवारी धक्क्यावर ऊन होतं आणि वारा बेताचा. दहा-बारा माणसं होती, बहुतेक ओळखीची. रखवालदार धावत आला. "अरे काका! या, या, खुर्ची देतो. तुम्ही आरामात बसा, हात मी दाखवतो आज."

थोरल्याचा चेहरा उतरला. धाकटा खिडकीतून म्हणाला, "खुर्ची वहिनीला द्या. हात दादाच दाखवणार."

चढावरच थांबून त्यांनी तयारी केली. बाजूचे पट्टे सोडले. फक्त नाकाची दोरी बांधलेली ठेवली, जशी ठेवतात. धाकटा बूच घेऊन वाकला, तर काठी आडवी आली. थोरल्याने काठी टेकवून ठेवली, एक गुडघा कसाबसा जमिनीला लावला आणि डाव्या हाताने बूच भोकात धरलं. आटे जुळेनात. एकदा बूच पडलं, घरंगळलं. रखवालदार उचलायला पुढे झाला, तसं वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागच्या जागी उभा राहिला. मागे एक गाडी येऊन थांबली, तिने भोंगा वाजवला नाही. सातव्या की आठव्या खेपेला आटे बसले. थोरला पिळत राहिला, पिळत राहिला, मनगटाच्या शिरा वर येईपर्यंत. मग उठताना त्याने कुणाचा हात घेतला नाही.

काठी टेकत तो उतार उतरला. खाली पाण्याच्या कडेला, फळ्यांच्या अंगाला, आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. चढाकडे तोंड केलं. काठी पायाशी टाकली. डावा हात पुढे करून पंजा हलवला: ये.

धाकट्याने उजव्या आरशात दादाला धरलं आणि व्हॅन मागे सोडली.

पहिला अर्धा उतार जुन्या दिवसांसारखा गेला. ये. ये. जरा डावीकडे. बास, ये. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारा अजून पक्का आहे." ते वहिनीला ऐकू आलं आणि तिने खुर्चीचा दांडा धरलेला सैल सोडला.

मग शेपूट कलायला लागलं. दगडांच्या बाजूला. फार नाही, वीतभर. थोरल्याला ते लगेच दिसलं. असलं दिसण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. उजवीकडची खूण द्यायची होती. पूर्वी हजारदा दिली होती, विचार न करता. त्याच सवयीने आतून हुकूम सुटला. पण हुकूम उजव्याला गेला, आणि धावून आला तो डावा. डावा हात खांद्यातून ताठ बाहेर पडला: डावीकडे. थोरल्याने स्वतः त्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्याने तो मागे ओढायचा प्रयत्न केला, आणि घाबरून पुन्हा आतून तोच हुकूम सोडला. हात आणखीच ताठ झाला.

तीन वर्षांत धाकट्याने कधी दुसऱ्या आरशात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. डाव्या आरशात सगळं होतं. उताराची कड, कडेपासून हातभर अंतरावर ट्रेलरचं चाक, खाली ओले दगड. उजव्या आरशात दादा होता, आणि त्याचा हात सांगत होता, अजून डावीकडे.

ब्रेकवर पाय ठेवायला किती वेळ लागतो? पाय ब्रेकवर होताही. पण त्या दोन क्षणांत त्याच्या मनात दगड आले नाहीत. मनात आलं, की मी थांबलो तर सगळ्यांना कळेल. दादाचा हात चुकला, आणि भावाने तो मानला नाही. दादाला कळेल. मग ती खुर्ची, आणि ती भिंत. हाताशी वाद नाही. त्याने पाय काढला आणि चाक फिरवलं.

ट्रेलरचं चाक कडेवरून खाली गेलं. आधी खडखड झाली, मग ट्रेलर एका अंगावर झुकला. पट्टे सुटलेलेच होते. नाकाच्या दोरीने होडीचं तोंड धरून ठेवलं, आणि मागचं अंग आडवं फिरत दगडांवर आलं. आवाज फार मोठा झाला नाही. नारळ फुटावा तेवढाच.

रखवालदार ओरडत आला. "अहो, डोळे आहेत का बटणं? आरशात कड दिसली नाही?"

धाकटा खाली उतरला.  त्याने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझंच चुकलं. दादाने बरोबर दाखवलं होतं. आरशावर ऊन होतं, मला दिसलं नाही."

कुणी हसलं नाही. वहिनीला ज्याची भीती होती ते झालं नाही. लोक मान हलवून बाजूला झाले, दोघं-तिघं दोर आणायला गेले.

थोरला काठी न घेताच चढ चढत आला. फळ्यांच्या खांबांना धरत, पाय ओढत. होडीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो व्हॅनच्या दाराशी आला, धाकट्याला कोपराने बाजूला केलं आणि चालकाच्या जागेवर चढून बसायला लागला. वहिनी धावली. त्याने तिलाही थांबवलं. बसायला वेळ लागला. उजवा पाय त्याने डाव्या हाताने उचलून आत घेतला. मग सरळ बसून त्याने उजव्या आरशात पाहिलं. तिथे तो स्वतः उभा होता ती जागा दिसत होती, रिकामी, आणि पडलेली काठी. मग त्याने मान वळवून डाव्या आरशात पाहिलं.

आरशावर ऊन नव्हतं. कड, चाक, दगड, फुटलेलं पांढरं पोट, सगळं हाताच्या रेषांइतकं स्वच्छ होतं.

तो बराच वेळ बघत राहिला. आणि धाकट्याला, दाराशी उभं राहून, पहिल्यांदा कळलं की आपण काय केलं. हात चुकला हे दादा सोसू शकला असता. यार्डात हात चुकतात. पण समोर खड्डा दिसत असताना ज्याचा हात मानला जातो, त्याचा तो मान नसतो. ती कीव असते. पाच महिने घरात सगळ्यांनी जे शब्द गाळून केलं, ते त्याने आज होडी फोडून केलं होतं.

थोरला खाली उतरला. व्हॅनच्या मागे, सगळ्यांच्या समोर, धाकट्याकडे तोंड करून उभा राहिला. डाव्या हाताने त्याने आपलं उजवं मनगट धरलं. पडलेल्या दोराचं टोक उचलावं तसं उचललं. वर, आणखी वर, डोक्याच्याही वर. खांदा दुखला असावा, ओठ वाकडे झाले. दोन्ही हात वर. एक दुसऱ्याला धरून.

थांब.

इतकं सोपं होतं. डाव्याने धरून उजवा वर करता येत होता, तसाच बाहेरही. कुणी विचारलं असतं तर शनिवारी अंगणातच ठरलं असतं.

होडी संध्याकाळी ट्रेलरवर चढवून घरी आणली. तळाशी हातभर लांबीची चीर, आतल्या बाजूला उसवलेली. रात्री सदरा काढताना वहिनी म्हणाली, "उजवा हात द्या." ती म्हणाली, आणि दोघंही थांबले. मग त्याने डाव्याने उजवा उचलून तिच्यापुढे केला. ती बाही काढत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. या वेळी तिने साबणाचं नाव घेतलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी खुर्ची भिंतीकडे वळली. मंगळवारीही. व्यायामाच्या बाई आल्या, त्यांच्यापुढे त्याने डोळे मिटून घेतले.

पुढच्या रविवारी धाकटा आला तो सरळ दादाच्या खोलीत गेला. एक स्टूल ओढून दादाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसला. भिंतीवर एक खिळा होता, बाकी काही नव्हतं.

"दादा, आरशावर ऊन नव्हतं," तो भिंतीला म्हणाला. "मला कड दिसत होती. चाक दिसत होतं. पाय ब्रेकवर होता. मी काढला."

थोरल्याची नजर खिळ्यावर होती.

"आणि शनिवारी मला विचारायचं होतं, की उजवीकडचं कसं दाखवशील. तोंडात आलं होतं. विचारलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून." त्याने नाक पुसलं. "तू म्हणाला होतास, थांबायला हुकूम लागत नाही. मी विसरलो नव्हतो दादा. मला तू परत पाहिजे होतास."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

मग थोरल्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि तो धाकट्याच्या मांडीवर ठेवला. हात जड होता, थंड, मळून ठेवलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा. धाकट्याने तो दोन्ही हातांत धरला. त्या हाताने उलट दाब दिला नाही.

"बरं," थोरला म्हणाला.

सतरा सूर धाकट्याला ठाऊक होते. हा त्यांतला नव्हता. माफ केलं असं त्याला ऐकायचं होतं, आणि कदाचित ते तसंच असेल. पण तो दादाकडे पाहू लागला तेव्हा दादा भिंतीवरच्या खिळ्याकडेच बघत होता. दोघं जेवायची हाक येईपर्यंत तसेच बसून राहिले, आणि जेवायला फक्त एकजण उठला.

होडी अंगणात तशीच आहे. डागडुजी करता येईल असं दोघा-तिघांनी सांगितलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. पाऊस झाला तरी आता तिच्यात पाणी साठत नाही, चिरेतून निघून जातं. एकदा धाकट्याला वाटलं, निदान बूच काढून आत नेऊन ठेवावं, हरवेल. त्याने चिमटीत धरून पिळलं. हललं नाही. दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून पिळलं, तरी हललं नाही. डाव्या हाताने बसवलेलं ते तसंच घट्ट होतं. त्याने ते राहू दिलं आणि ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.